मदत हवी आहे : कॉल सुरू असताना मुलाला घरात कसं रमवावं?

मुक्ता_वाकड
तातडीने मदत हवी आहे. माझं घरून काम सुरू आहे आणि मुलगा पाच मिनिटंसुद्धा एकटा खेळत नाही. कॉल लागला रे लागला की रडारड सुरू. खेळणी दोन खोकी भरून आहेत. ब्लॉक्स, गाड्या, रंग, सगळं आणून झालं. नवीन खेळण्याचं नवल दोन दिवस टिकतं. पाऊस थांबत नाहीये, त्यामुळे खाली नेता येत नाही. आज क्लायंट बोलत असताना तीनदा उठावं लागलं. शुक्रवारी डेमो आहे. तास-दीड तास शांत बसेल असं काय देता येईल? कृपया टीव्ही लावा असं सांगू नका.

गोधडी
वय किती आहे मुलाचं?

सह्यवारा
माइक चांगला असलेला हेडफोन घ्या. आजूबाजूचा आवाज समोरच्याला अजिबात जात नाही. मी दोन वर्षं वापरतोय, शेजारी ड्रिल चालू असतं तरी कुणाला कळत नाही. शिवाय राउटर खोलीतच ठेवा, कॉल तुटत नाहीत.

मुक्ता_वाकड
आवाज जातो हा प्रश्न नाहीये. तो रडतो हा प्रश्न आहे.

पाटावरवंटा
एकदम सोपा उपाय. परातीत राजमा, काबुली चणे, वाटाणे आणि मूग एकत्र करून द्या आणि समोर चार वाट्या ठेवा. वेगळं करत बसतात पोरं. माझा भाचा पाऊण तास जागचा हलत नाही. बोटांनाही चांगला व्यायाम होतो, पुढे अक्षर सुधारतं.

शेवंती_ठाणे
कृपया हे करू नका! माझ्या मुलीने असाच कोरडा वाटाणा नाकात घातला होता. आम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी नाक सुजलं, ती हात लावू देईना. वाटाणा आत ओला होऊन फुगला होता. डॉक्टरांनी चिमट्याने काढला तेव्हा तिला चौघांनी धरलं होतं. तो दिवस मी विसरणार नाही. लहान मुलांच्या हाती शेंगदाणे, डाळी, मणी एकट्याने देऊच नयेत.

पाटावरवंटा
लक्ष ठेवलं की काही होत नाही. आपण सगळे असंच खेळत मोठे झालो.

शेवंती_ठाणे
लक्ष ठेवायला वेळ असता तर तिने हा धागा काढला असता का?

गोधडी
मुक्ता, वय सांगशील का? दीड वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या मुलाला एकच उत्तर नाही देता येणार. शाळेत जातो का? घरात अजून कोण असतं? काम किती ते किती?

मुक्ता_वाकड
सॉरी, घाईत लिहिलं. साडेतीन पूर्ण. सकाळी ९ ते १२ नर्सरी. माझं काम दुपारी १ ते रात्री १०, टीम इंग्लंडमध्ये आहे. सांभाळायला ताई येत होत्या, त्या भाताच्या लावणीसाठी गावी गेल्यात, ऑगस्टमध्ये येतील. नवरा चाकणला, यायला सात वाजतात. सासूबाई सांगलीला, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे ‘आजीला बोलवा’ हेही कृपया नको. दुपारी दोन ते साडेतीन झोपतो. खरी अडचण चार ते सहा.

आजोबा_सातारा
मुली, तुझी ओढाताण वाचून वाईट वाटलं. आमच्या वाड्यात अकरा पोरं होती. पावसाळ्यात सोप्यावर काचापाणी, सागरगोटे, पत्ते. जिन्याखाली भातुकली. आई स्वयंपाकघरात असे, ती दिसत नसली तरी तिच्या बांगड्या ऐकू येत. फ्लॅटमध्ये एकटं पोर काय करणार? सोसायटीतली दोन मुलं दुपारी बोलावून घे. पोराला पोरच लागतं.

अवनी_हडपसर
आजोबा, साडेतीन वर्षांची तीन मुलं एकत्र आली की एका माणसाचं काम दहापट होतं. अनुभव आहे.

नियम_नकुल
कुणीच कायद्याबद्दल बोललं नाही. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्यापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा असते. एचआरला लेखी विचारा.

अवनी_हडपसर
ती घरून काम करते. ऑफिसच्या पाळणाघराचा तिला काय उपयोग?

नियम_नकुल
ऑफिसला जाऊन काम करण्याचा पर्याय असेल तर आहे ना. हक्क आहे, वापरला नाही तर उद्या कुणालाच मिळणार नाही. आणि टीव्हीबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं बरं, असं म्हटलंय. म्हणजे डेमोच्या दिवशी अर्धा तास लावलात तर आभाळ कोसळत नाही. अपराधी वाटून घेऊ नका.

पाटावरवंटा
अर्ध्याचा एक आणि एकाचे तीन तास कधी होतात कळत नाही.

मुक्ता_वाकड
तेच झालं होतं. टीव्हीशिवाय घास गिळत नव्हता. मे महिन्यात पंधरा दिवस रडवून बंद केलाय, म्हणून भीती वाटते. ऑफिस हिंजवडीला आहे पण माझी टीम पूर्ण घरूनच, तिथे बसायला जागाही नाही.

निळीशाई
अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करून बघा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्यांचे त्रिकोण, चौकोन. व्हिडिओ मराठीतही आहेत. माझी मुलगी सुट्टीभर तेच करत होती.

गोधडी
तुमची मुलगी केवढी?

निळीशाई
नऊ वर्षांची.

बालवाडीताई
मी सत्तावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, म्हणून लिहिते. मुक्ता, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रडणं नेमकं कशाने सुरू होतं? कॉल लागल्यावर की दार लागल्यावर? आणि तू आत असताना तो हॉलमध्ये एकटा असतो का? बाल्कनीला जाळी आहे का, गॅसचं बटण कुठे आहे?

मुक्ता_वाकड
बाल्कनीला जाळी आहे, सिलिंडर बंद करूनच बसते. आणि हो ताई, दार लागल्यावर. एकदम लक्षात आलं. दाराखालच्या फटीतून बोटं आत घालतो. चार बोटं दिसतात, हलत असतात. काल त्याने गाडी आत ढकलायचा प्रयत्न केला, ती मावली नाही, मग खडू सरकवला. मी कॅमेऱ्यासमोर होते, खडू उचललासुद्धा नाही. त्यानंतर जे रडला ते अर्धा तास.

बालवाडीताई
मग खेळण्यांचा प्रश्न नाही बाळा. त्याने तुला खडू दिला आणि तू घेतला नाहीस, त्याच्या बाजूने एवढंच घडलं. दार उघडं ठेव. टेबलाशेजारी जमिनीवर त्याची चटई आणि पाट टाक. शेजारी बसलेलं मूल बंद दाराबाहेरच्या मुलापेक्षा कमी आवाज करतं.

आणखी एक. दीड तासाची अपेक्षा सोड. या वयाचं मूल एका कामात दहा-पंधरा मिनिटं रमलं तरी पुष्कळ. म्हणून एक मोठं काम देऊ नकोस, चार छोटी दे. आणि खेळ नको, खरं काम दे. कोथिंबिरीची जुडी निवडायला दे. सगळ्यांचे रुमाल घडी घालायला, मोज्यांच्या जोड्या लावायला. टॉवेल अंथरून दोन वाडगी आणि स्पंज दे, एकातलं पाणी दुसऱ्यात पिळायचं. पाणी तळाशी बोटभरच. आमच्याकडे याला जीवनव्यवहाराचे खेळ म्हणतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला गावातल्याच वस्तूंवर बालवाडी उभी केली, महागडी साधनं तिथे कुठून येणार?

कॉलच्या आधी वीस मिनिटं फक्त त्याची. फोन हातात नको. आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर टिकली चिकटव. ‘मोठा काटा टिकलीवर आला की आई तुझी.’ काटा तिथे पोचला की खरंच उठ, एका मिनिटासाठी का होईना. एकदा शब्द मोडलास तर टिकली फुकट.

शेवंती_ठाणे
टिकलीची कल्पना फार आवडली. कणकेचा गोळाही चालेल का ताई?

बालवाडीताई
चालेल की. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये काही दिवस टिकतो. मीठ खूप असतं, तेवढं तोंडात घालू देऊ नका.

अवनी_हडपसर
कॅमेऱ्यात मूल दिसलं तर क्लायंट काय म्हणेल? आमच्याकडे मॅनेजरने एकीला ऐकवलं होतं.

गोधडी
आधीच सांगून टाकायचं, ‘मुलगा खोलीत आहे, मध्ये मिनिटभर उठावं लागेल.’ मी तसं सांगते, आजवर कुणी काही म्हटलं नाही.

मुक्ता_वाकड
(शुक्रवार, रात्री) डेमो झाला. सुरुवातीलाच मुलगा खोलीत असल्याचं सांगितलं. कोथिंबीर पंधरा मिनिटं चालली, काड्या आणि पानं एकाच ढिगात, पण मन लावून. स्पंजला दहा मिनिटं, मग टॉवेलवर पाणी सांडलं आणि त्याने ते स्वतःच पुसलं. टिकलीवर काटा आला तेव्हा ‘आई, आला!’ असं ओरडला, सगळ्यांना ऐकू गेलं. मी माफी मागून उठले, त्याला उचललं, त्याने टिकली पुढे सरकवली आणि परत चटईवर बसला. शेवटच्या वीस मिनिटांना मात्र माझ्या पाठीवर चढून बसला होता. रडला नाही. बालवाडीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पुढच्या आठवड्यासाठी शाडू आणावी म्हणतेय. पुण्यात आत्ता कुठे मिळेल?

आजोबा_सातारा
शाब्बास पोरी. दोघांनाही.

शेवंती_ठाणे
कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात बघ, गणपतीच्या आधी मिळते. दोन किलो पुरे. उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव, आणि हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नको, पाइप तुंबतो. कुंडीत घाल.