गुणोत्तर की प्रमाण? आणि नेमकं कशाचं?

"त्रिकोणाच्या कोनांचे गुणोत्तर ३:४:५ आहे" असं नववीच्या मुलांना दिलं की निम्मी पोरं लगेच काटकोन त्रिकोण म्हणून मोकळी होतात. असं का होतं? आणि गुणोत्तर नि प्रमाण यात फरक काय, आपण तर बोलताना सरसकट प्रमाणच म्हणतो ना?

— फरक आहे. दोन राशींची भागाकाराने तुलना केली की ते गुणोत्तर, जसं ३:४. अशी दोन गुणोत्तरं सारखी निघाली, ३:४ आणि ६:८, की त्या चार संख्या प्रमाणात आहेत म्हणायचं. बोलण्यात मात्र प्रमाण दोन्हीकडे चालतं, एकास चारचा माल म्हणजे सिमेंट एक नि वाळू चार, तिथे गवंड्याला कोणी गुणोत्तर सांगत नाही. वाचतानाही "एकास चार" असंच वाचावं, किती सुटसुटीत आहे ते!

पोरं अडकतात ती "गुणोत्तर"च्या आधीच्या शब्दावर, कोनांचे की बाजूंचे. कोनांचे असेल तर ३x + ४x + ५x = १८०, म्हणजे x = १५ आणि कोन ४५°, ६०°, ७५°, काटकोन नाहीच त्यात. बाजूंचे ३:४:५ असेल तर ९ + १६ = २५ म्हणून काटकोन, भिंतीचा कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघायला दोरीने ३, ४ आणि ५ फूट मोजतात ते हेच. उरलेले दोन कोन मग त्रिकोणमितीय गुणोत्तरांनी काढायचे, लहान कोनाची संमुख बाजू भागिले कर्ण म्हणजे ३/५, हाच त्या कोनाचा साइन, तो ०.६ आला की कोन साधारण ३६.८७° आणि दुसरा ५३.१३°.

— दादा, यात एक भर घालते. कोन दुप्पट म्हणजे समोरची बाजूही दुप्पट, असं खूप जण धरून चालतात आणि गणित तिथेच फसतं. ३०-६०-९० घ्या, कोन १:२:३ पण बाजू १:√३:२. बाजूच १:२:३ घ्यायला गेलात तर त्रिकोण होतच नाही, १ + २ = ३, सगळं एका रेषेत झोपतं. बाजू असतात त्या समोरच्या कोनांच्या साइनच्या प्रमाणात, आणि इथे प्रमाण हाच शब्द हवा, कारण बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन हे गुणोत्तर तिन्हीकडे सारखंच येतं. त्यातला "समोरच्या" मात्र कधीच गाळू नका.