मदत हवी आहे: लंडनची पहिली भेट, चार दिवस आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आई-वडिलांना घेऊन लंडनला जात आहे. तिघांचीही ही पहिलीच खेप आहे. बुधवार ते शनिवार असे चार पूर्ण दिवस हाताशी आहेत आणि मुक्काम पॅडिंग्टन स्थानकाजवळ आहे. वडील 76 वर्षांचे आहेत. ते साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवत असत. आई 71 वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास सहज चालते, पण जिना उतरताना कठड्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी तो धरून, एकेक पायरी आडवी उतरते. त्यामुळे यादीतले काय ठेवावे आणि काय विनासंकोच गाळावे, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

एका सहल कंपनीने आम्हाला दीड दिवसात चौदा स्थळांचा कार्यक्रम दिला होता. त्यांतली नऊ बसच्या खिडकीतूनच दाखवणार होते. तो कागद वाचून वडील म्हणाले, "हे दर्शन नव्हे, हजेरी आहे." तेव्हा आराखडा मीच केला आहे, तो असा.

बुधवारी वेस्टमिन्स्टर. अ‍ॅबी (तिथले ऐतिहासिक चर्च) रविवारी पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून ती पहिल्याच दिवशी उरकत आहे. 1066 पासून इंग्लंडचे राज्याभिषेक जिथे होत आले, ती जागा आणि न्यूटन व डार्विन यांच्या कबरी एवढे पाहिले तरी वडिलांचा दिवस सार्थकी लागेल. बिग बेन बाहेरूनच पाहू. (हे नाव मनोऱ्याचे नसून आतल्या घंटेचे आहे, हे वडिलांनी मला आतापर्यंत तीनदा सांगितले आहे.) बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा पाहायचा तर गर्दीत तासभर आधीपासून उभे राहावे लागते, त्याऐवजी हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर सकाळी 11 वाजता घोडेस्वारांचा पहारा बदलतो, तो पाहून सेंट जेम्स बागेत बाकावर बसावे, असा विचार आहे. हे पाहून आलेल्यांनी सांगावे, ही तडजोड फार फिकी तर ठरणार नाही ना?

गुरुवारी टॉवर ऑफ लंडन, म्हणजे राजघराण्याचे जडजवाहीर ठेवलेला जुना किल्ला. आईची संपूर्ण सहलीत एकच मागणी आहे, ती म्हणजे कोहिनूर. 1849 साली लाहोरच्या तहाने पंजाबच्या बालमहाराजांकडून घेतलेला हा हिरा 1937 साली घडवलेल्या मुकुटात बसवलेला आहे. तेथे मुकुटांसमोरून सरकती पट्टी जाते आणि छायाचित्रे काढू देत नाहीत, असे वाचले. आईचा प्रश्न जसाच्या तसा विचारतो: "तो पट्टा मला पुढे ढकलणार असेल, तर परत रांगेत शिरून दुसऱ्यांदा बघू देतात का?" किल्ल्यातल्या व्हाइट टॉवर या मनोऱ्याचे गोल जिने आईला झेपणार नाहीत, त्यामुळे तिथे वडील आणि मी पाळीपाळीने जाऊ. त्या वेळात तिला बसण्यासाठी आवारात बरी जागा कोणती?

टॉवरच्या धक्क्यावरून बोटीने ग्रिनिचला जायचे आहे. टॉवर ब्रिज पाण्यावरून दिसेल, हा त्यात आयताच लाभ. मात्र शून्य रेखांशाची वेधशाळा टेकडीवर आहे. तिथवरची चढण आईने चढावी, की आम्ही तिच्यासह खाली 'कटी सार्क' जहाजापाशीच थांबावे?

शुक्रवार माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सकाळी किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर पाहायचे आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहत होते आणि जे महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. तिथून जवळच प्रिमरोझ हिल आहे. दुपारचे जेवण यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर. तिथे भारतीय शाकाहारी खानावळी आहेत. त्यानंतर ब्रिटिश म्युझियम, जे शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. बाबासाहेब ज्या वाचनालयात दिवसचे दिवस बसत, ते त्या काळी याच इमारतीत होते, म्हणून ही दोन ठिकाणे मुद्दाम एका दिवशी जोडली आहेत. संग्रहालय अफाट आहे. रोझेटा शिलालेख आणि अमरावतीची शिल्पे नक्की पाहू. तासाभरात आणखी काय पाहता येईल, ते कृपया सुचवावे.

शनिवारी सकाळी हाउली प्लेस येथील लोकमान्य टिळकांचे 1918-19 मधील निवासस्थान बाहेरून पाहू, ते आमच्या मुक्कामापासून पायी अंतरावर आहे. दुपारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. तेथील वाघनखे 2024 साली साताऱ्याला आली, तेव्हा वडील सकाळपासून रांगेत उभे होते. आता ती ज्या कपाटातून आली, ते कपाट पाहण्याचा त्यांचा हट्ट आहे. टिपूचा लाकडी वाघही तिथेच आहे.

प्रवासाबाबत एवढे ठरवले आहे की, विमानतळावरून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने थेट पॅडिंग्टनला यावे आणि शहरात शक्यतो बसने फिरावे, कारण भुयारी रेल्वेच्या अनेक स्थानकांवर उद्वाहक नाहीत. बसमध्ये रोकड चालत नाही आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते, म्हणून तीन कार्डे काढली आहेत. सेंट पॉल्स चर्चच्या घुमटाच्या 528 पायऱ्या अर्थातच गाळल्या. लंडन आय (नदीकाठचा उंच पाळणा) मात्र यादीत आहे.

भर (दुसऱ्या दिवशी): प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. लंडन आय गाळले. प्रतिसाद देणाऱ्या दोघांनी सुचवल्याप्रमाणे ग्रिनिचला आईसह खालीच थांबू आणि वेधशाळेत वडिलांना एकट्याने पाठवू. रेखांशावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभे राहिल्याचे छायाचित्र कोणाकडून तरी काढून घेण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आहे. आईच्या पट्ट्याच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर आलेले नाही, आणि ती दर तासाला विचारते आहे.