अनुभव धागा : आयर्लंडच्या आडवाटा

मोहरचे समुद्रकडे बघून डब्लिनला परत कसं यायचं, ही माहिती ढिगाने मिळते. हा धागा त्यापुढच्या वाटांसाठी: शेतात उभी असलेली पाषाणयुगीन थडगी, पडके मठ, बॉग म्हणजे दलदलीची रानं, एकपदरी रस्ते. किती फिरलात, किती भिजलात ते राहू द्या. जाणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढंच लिहा. सुरुवात रस्त्यांपासून करते.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, त्यामुळे अर्धा धसका तिथेच संपतो. उरलेला अर्धा मात्र बाळगा. रस्त्याच्या क्रमांकात एम म्हणजे मोटरवे, एन राष्ट्रीय, आर प्रादेशिक आणि एल स्थानिक. बघण्यासारखं जवळजवळ सगळं आर आणि एल रस्त्यांवर. खेड्यातल्या एल रस्त्यांची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ताशी ८० वरून ६० किमीवर आणली. वळणावर ३०सुद्धा जास्त होतात. एका गाडीची रुंदी, मधोमध गवताची पट्टी आणि दोन्हीकडे झुडपांत लपलेली दगडी भिंत. त्या हिरवाईला मऊ समजून गाडी घासायला गेलात की डावा आरसा आणि डाव्या टायरची कड जाते. भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बरेचदा धरलेले नसतात, सही करण्याआधी बघा. गाडी लहानात लहान घ्या. समोरून ट्रॅक्टर आला तर रुंद जागा ज्याच्या जवळ, त्याने मागे जायचं. आणि शेताच्या फाटकासमोर गाडी कधीच लावू नका, 'पाचच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही. गवतकापणीच्या दिवसांत रात्री दहालाही ट्रॅक्टर तिथून आत जातो.

पाटीवाचक
पत्त्यांचं सांगतो. तिथे प्रत्येक घराला एअरकोड नावाचा सात अक्षरांचा स्वतंत्र कोड असतो. तो टाकला की गाडी थेट दारात. पण शेतातल्या थडग्याला घर नाही, म्हणून कोडही नाही. नुसतं गावाचं नाव टाकलं तर घोळ होतो, कारण एकाच नावाच्या वाड्या चार-चार काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, आहेत. अक्षांश-रेखांश आधीच उतरवून ठेवा. सरकारी पुरातत्त्व नकाशा ऑनलाइन मोफत आहे. त्यावर प्रत्येक नोंदलेल्या अवशेषाचा ठिपका आणि वर्णन मिळतं. मात्र ठिपका आहे म्हणजे वाट आहे, असं नाही.

गेलटाक्ट, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. डिंगल शोधत असाल तर 'डँगन' वाचता आलं पाहिजे. काही तुकडे पाठ करून ठेवा: बॅली म्हणजे गाव, किल म्हणजे बहुतेकदा चर्च, राथ आणि लिस म्हणजे मातीच्या गोल तटबंदीचं जुनं घर, डून म्हणजे किल्ला, नॉक म्हणजे टेकडी. ग्लेंडालॉख म्हणजे दोन तळ्यांची दरी. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द कळलं की नकाशा बोलायला लागतो, तसंच हे.

कातळवेडी
क्लेअर काउंटीतल्या बरेनवर लिहिते. कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याच्या जागी करडी चुनखडी. सपाट फरश्या आणि त्यांच्यामधल्या खोल भेगा. भेगेत पाय अडकून घोटा मुरगळणं हा इथला नेहमीचा अपघात. चुनखडी ओली झाली की साबणासारखी होते, आणि काही फरश्या सुट्या असल्याने पाय ठेवताच डुलतात. पाऊल फरशीच्या मध्यावर, कडेवर नाही. ट्रेकिंगची काठी भेगेत अडकून मोडते. बॉगवर ती हवीच, इथे पाठीला बांधून ठेवा.

पौलनाब्रोनचं थडगं आर ४८० रस्त्यालगत आहे. गाडीतळापासून पाच मिनिटांची चाल, तिकीट नाही. उभ्या दगडांवर तिरकी ठेवलेली चार मीटरच्या आसपास लांबीची शिळा, एवढंच दिसतं. १९८५ मध्ये पुढच्या एका उभ्या दगडाला तडा गेल्याचं लक्षात आलं, तो बदलायचा म्हणून १९८६ आणि १९८८ मध्ये उत्खनन झालं आणि आत तीसहून अधिक माणसांच्या अस्थी निघाल्या. काळ साधारण इ.स.पू. ३८०० ते ३२००. दिवसा पर्यटक बसेस येतात, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर जा. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो. शेजारच्या दगडांची उतरंड रचून फोटो काढायची हौस कृपया घरी ठेवा. त्या दगडांखाली रोपं असतात, आणि खरी रचना कुठली नि कालची कुठली हेच पुढे कळेनासं होतं.

फुलांसाठी एप्रिलअखेर ते मे. गडद निळं जेन्शियन तेव्हाच. इथे गुरं उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात वर चरायला नेतात, कारण उघड्या खडकावर पाणी साचत नाही आणि तो ऊबही धरून ठेवतो. हिवाळ्यात दाट गवत खाऊन संपतं, म्हणून वसंतात फुलांना ऊन मिळतं. गुरं काढून घेतली की झुडपं माजतात. तेव्हा शेणातून वाट काढावी लागली तर कुरकुर करू नका.

आणखी एक: टर्लॉख. नकाशावर कुरण, प्रत्यक्षात तळं. जोराच्या पावसानंतर पाणी जमिनीखालून, भोकांतून वर येतं आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्याच भोकांतून निघून जातं. नेहमीची वाट पाण्याखाली असेल तर वळसा घाला, पाण्यातून जाऊ नका. भोकं कुठे आहेत ते दिसत नाही.

मेंढपाळ
वर 'ठिपका आहे म्हणजे वाट आहे असं नाही' म्हटलंय, तेच जरा ताणतो. आयर्लंडमध्ये कुणाच्याही रानातून चालण्याचा सरसकट हक्क नाही. खुणा केलेल्या वाटा बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याच्या परवानगीवर चालतात. खूण नसेल तर जवळच्या घराचं दार वाजवून विचारा. बहुतेकदा 'जा की' हेच उत्तर येतं. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडंच. चढून जावं लागलंच तर बिजागरीच्या बाजूने चढा. कडीच्या बाजूने चढलात की वजनाने फाटक खाली बसतं आणि मग ते जमिनीला घासतं. पांढरी पातळ फीत दिसली किंवा टिक-टिक ऐकू आली की तार विजेची आहे. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका. कुत्रा सोबत असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल, कोकरांच्या दिवसांत, तो शेतात नकोच.

डोंगरदऱ्या
बॉग थोडक्यात. तपकिरी हेदरच्या झुडपांवर पाय टिकतो, चमकदार हिरव्या स्फॅग्नम शेवाळावर गुडघाभर आत जातो. सर्वात सुंदर हिरवा दिसेल तिथे जायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पाय रुतला तर झटका देऊ नका, बूट आत राहतो. टाच हलवून हवा आत जाऊ द्या आणि हळू ओढा. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्री पश्चिम किनाऱ्यावर निरुपयोगी, कारण पाऊस आडवा येतो. अडचण आली तर ११२ लावा आणि 'माउंटन रेस्क्यू' मागा.

उधाण
कॉनेमारातलं ओमी बेट अजून कुणी घेतलं नाही. ओहोटीला क्लॅडाडफपासून वाळूवरून चालत जाता येतं, वाट दाखवणारे खांब आहेत. आत वाळूतून उकरून काढलेलं संत फेखीनचं जुनं चर्च आहे. नियम साधा: पाणी उतरत असताना निघा, ओहोटीची वेळ बेटावर असताना गाठा, चढतं पाणी वाळूवर येण्याआधी परत या. उधाणाच्या दिवसांत वाळू जास्त वेळ उघडी राहते, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत कमी, म्हणजे अष्टमीच्या आसपास गणित जास्त काटेकोर ठेवा. हमखास होणारी चूक: भरती-ओहोटीचे काही तक्ते उन्हाळ्यातही ग्रीनिच वेळेत छापतात आणि तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. गाडी वाळूवर लावून बेटावर जेवत बसणाऱ्यांच्या गाड्या बुडतात.

कातळवेडी
+१. स्केलिग मायकल या समुद्रातल्या जुन्या मठाच्या बेटासाठीही राखीव दिवस ठेवा. वर ऊन असलं तरी समुद्रात लाटा असल्या की बोट रद्द होते. ६१८ दगडी पायऱ्या, कठडा नाही, बेटावर स्वच्छतागृह नाही. हंगाम साधारण मे मध्य ते सप्टेंबरअखेर.

शिळावाचक
न्यूग्रेंजच्या पाषाणयुगीन थडग्याला जाणारे सरळ 'न्यूग्रेंज' टाकून निघतात आणि चुकीच्या काठावर पोहोचतात. प्रवेश ब्रू ना बोइन्या केंद्रातूनच, ते बॉइन नदीच्या दक्षिण काठावर. पूल चालत ओलांडून पुढे बस. तिकीट आधीच काढा. आतला बोळ १९ मीटर, अरुंद, पाठपिशवी बाहेर. समोरची पांढरी गारगोटीची भिंत १९६२ ते १९७५ च्या उत्खननानंतर उभारलेली आहे आणि ती मुळात अशीच होती का यावर वाद आहे. कोरीव दगडच बघायचे असतील तर शेजारचं नॉथचं थडगं चुकवू नका.

ओघम, म्हणजे जुन्या आयरिश लिपीतल्या, शिळा डिंगलकडे पुष्कळ. दगडाच्या कडेवर आखूड-लांब रेघा, वाचन खालून वर. बहुतेक मजकूर 'अमक्याचा मुलगा तमका' असा. 'मकी' दिसलं की 'मुलाचा' समजा. अक्षर उठावं म्हणून आपल्याकडे वीरगळांना खडू किंवा पीठ फासतात, ते इथे अजिबात नको. टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा, रेघा सावलीने आपोआप उठतात. मेटल डिटेक्टर सोबत न्यायचा विचारही नको. परवान्याशिवाय त्याने प्राचीन वस्तू शोधणं गुन्हा आहे.

पाटीवाचक
व्हिसाचं राहिलं. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. सीमेवर ना नाका ना चौकी, पाट्यांवरची अंतरं किमीऐवजी मैलांत झाली की समजायचं. पण भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा तिथे चालत नाही. त्यावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा आहे का ते निघण्याआधी बघा.

मेंढपाळ
नेच्याच्या उंच झाडीतून आलात तर रात्री गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचीड बघा. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. तेल, हळद, चटका काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरायला लागलं तर डॉक्टरला 'गोचीड चावली होती' हे आपणहून सांगा. मुंबई-पुण्यात गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा संशय सहसा कुणाला येत नाही.