अर्ली डिसिजननं अर्ज केला तर अमेरिकेत प्रवेशाची शक्यता खरंच वाढते का?

वैशाली, अक्कलकोट रोड

नमस्कार. मुलगी बारावी सायन्सला आहे, इथंच सोलापुरात, स्टेट बोर्ड. अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचं तिनं मनावर घेतलंय. पुण्याचे एक कौन्सेलर म्हणाले, "एक नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजननं अर्ज टाका, शक्यता तिप्पट होते." त्या कॉलेजचा वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या घरात. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एका वर्षी एक्स्पोर्टची ऑर्डर मिळते, दुसऱ्या वर्षी माग बंद ठेवायची पाळी येते. मिस्टर म्हणतात, आधी नंबर लागू दे, पैशाचं मग बघू. पण अर्ली डिसिजनमध्ये 'निवड झाली तर याच कॉलेजात येऊ' असा करार असतो, त्यावर पालकाचीही सही लागते, आणि ती करायला माझा हात धजत नाही. शक्यता खरंच इतकी वाढते का ओ?

गणिताचे सर, जुळे सोलापूर

ताई, शक्यता वाढते. पण तिप्पट होते, हे तुमच्या मुलीपुरतं खरं धरू नका.

ब्राउन विद्यापीठाचं घ्या. 2024 च्या प्रवेशात तिथं अर्ली डिसिजनवाल्या 100 अर्जांपैकी साधारण 14 जणांना होकार आला, आणि सगळे अर्ज मिळून बघितलं तर जेमतेम 5 जणांना. कौन्सेलर हेच दोन आकडे शेजारी ठेवतात. त्या 14 जणांत कोण असतं ते सांगत नाहीत. कोचनं आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, दहावीपासून तयारी केलेली मुलं असतात. हे सगळं वजा केलं तरी फायदा उरतो, हेही खरं. 2003 मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी सारख्याच गुणवत्तेच्या मुलांची तुलना मांडली होती. नामांकित कॉलेजांत लवकर अर्ज करण्याचा फायदा सॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेच्या सुमारे 100 गुणांइतका निघाला. कारण साधं आहे. होकार दिलेला मुलगा नक्की येणार आणि जागा भरणार, याची कॉलेजला खात्री हवी असते.

आपल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिला पसंतिक्रम मिळाला की जागा फ्रीज होते ना, तसंच हे. फरक एवढाच, की कॅपमध्ये फी आधी माहीत असते. इथं स्कॉलरशिप किती मिळेल ते कळायच्या आत तुम्ही शब्द देऊन बसता.

तुमच्या बाबतीत सगळं इथंच अडतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत बघत नाहीत. 2025 च्या प्रवेशापासून ब्राउनही त्यांत आलं. बाकी बहुतेक ठिकाणी, आर्थिक मदत मागितली की अर्जाच्या पारड्यात तेही पडतं. मग अर्ली डिसिजनचा फायदा एका हातानं मिळतो आणि दुसऱ्या हातानं जातो. यावर काही जण सुचवतात की आत्ता मदत मागू नका, प्रवेश झाल्यावर मागू. हे अजिबात करू नका. अनेक कॉलेजांत परदेशी मुलानं अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर चारही वर्षं मागता येत नाही.

सहीची भीती मात्र थोडी कमी करतो. मदत मागितली होती आणि मिळालेली मदत पुरत नाही, असं असेल तर करारातून सुटता येतं. पण मग दुसऱ्या कॉलेजांची ऑफर समोर ठेवून तोलायची संधी गेलेली असते. म्हणून आधी आकडा ठरवा, घर आणि माग गहाण न टाकता वर्षाला किती देता येईल. मिस्टरांना हे स्पष्ट सांगा.

बोस्टनहून, मूळचा होटगी रोडचा

काकू, सरांचं बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. मी अर्ली डिसिजननंच आलो. आमच्या ज्युनियर कॉलेजातून त्या आधी कुणी तिथं अर्ज केलेला नव्हता. अशा मुलाला "मला इथंच यायचंय" हे सांगायची ती एक ठोस जागा असते. मुलीचं मन एकाच कॉलेजवर असेल आणि तुमच्या आकड्यात ते बसत असेल, तर कचरू नका.

करारावर शाळेचीही सही लागते. प्राचार्यांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटा, नववीपासूनच्या मार्कांची कागदपत्रंही तेव्हाच मागा. आणि डिसेंबरच्या मध्याला निकाल येईपर्यंत बाकीच्या कॉलेजांचे निबंध लिहून ठेवायला लावा. नकार आला तर जानेवारीच्या पहिल्या तारखांना जेमतेम दोन आठवडे उरतात. पुढं फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहेच.

वैशाली, अक्कलकोट रोड

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांसोबत वह्या काढून बसलो. वर्षाला 20 लाखांच्या वर आमची झेप नाही, हे त्यांनीही मान्य केलं. त्या कॉलेजला अर्ली डिसिजन नाही करायचं. मुलगी थोडी हिरमुसली, पण ऐकलं तिनं. मग तिनंच विचारलं, लवकर अर्ज करून बांधील न राहण्याची सोय कुठं आहे का?

गणिताचे सर, जुळे सोलापूर

आहे. तिला अर्ली ॲक्शन म्हणतात. निकाल लवकर येतो आणि बंधन नसतं. पर्ड्यूत ती सोय आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्येही आहे, आणि तिथं वस्त्रोद्योगाचं स्वतंत्र कॉलेज आहे. मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलीनं ते जरूर बघावं. मात्र सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांना गरजेनुसार मदत फारशी मिळत नाही, त्यामुळे ऐपत न बघणाऱ्या कॉलेजांपैकी दोन-तीन यादीत ठेवाच. तिथं मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, भरावं लागेल. धंद्याचं उत्पन्न असलं की काही कॉलेजं त्यासोबत वेगळा फॉर्म मागतात. सीएकडून कारखान्याचे ताळेबंद आत्ताच काढून घ्या, चांगल्या आणि मंदीच्या दोन्ही वर्षांचे.