सल्ला हवा: बौद्धिक संपदेवरचा निवाडा अजून टिकून आहे का, हे सायटेटरवर कसं तपासता?

फोंड्याची_वकील
नमस्कार मंडळी. सायटेटर म्हणजे एखादा निवाडा पुढे कुठे आणि कसा उद्धृत झाला ते दाखवणारं साधन, त्याबद्दल विचारायचं आहे. मी गोव्यात एका सरांच्या हाताखाली काम करते. आमच्याकडे हॉटेलवाले येतात आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, की हॉलमध्ये वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा परवाना नेमका कोणाकडून घ्यायचा? त्यावर ऑफिसात एक टिपण आहे, ते अद्ययावत करायचं काम माझ्याकडे आलंय. टिपणाचा सगळा भार मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२४ मधल्या नोव्हेक्स (गाण्यांचे परवाने देणारी कंपनी) विरुद्ध ट्रेड विंग्ज या निवाड्यावर आहे. ज्याच्या नावे कॉपीराइट हस्तांतरित झालाय, तो मालक या नात्याने कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० खाली स्वतः परवाने देऊ शकतो, त्यासाठी नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी (अनेक मालकांच्या वतीने परवाने देणारी संस्था) असण्याची गरज नाही, असा तो निकाल. इंडियन कानून या निवाड्यांच्या संकेतस्थळावर हा निवाडा कुठे कुठे उद्धृत झालाय त्याची यादी मिळते, पण त्यातून काय घ्यायचं ते समजत नाही. पैसे भरून सायटेटर घ्यावा का? आणि तुम्ही तपासणी कुठल्या क्रमाने करता?

मूळ_बाजू_मुंबई
ताई, इंडियन कानूनची यादी फुकट आहे आणि उपयोगाचीही आहे, पण ती एवढंच सांगते की पुढच्या निवाड्यात याचं नाव आलं. नाव कशासाठी आलं, मान्य करायला, वेगळं पाडायला की खोडून काढायला, हे तिथे कळत नाही. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र या पैसे भरून वापरायच्या सेवांवर संपादकांनी ते वर्गीकरण केलेलं असतं: आधार घेतला, वेगळा ठरवला, असहमती, ओव्हररूल (वरच्या पीठाने मोडीत काढला). वेळ वाचतो, म्हणून रोजच्या कामाला घ्यावंच. तोवर जवळच्या लॉ कॉलेजच्या किंवा बारच्या ग्रंथालयात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी वर्गणी भरलेली असते. फक्त एक लक्षात ठेवा. ती खूण म्हणजे संपादकाने केलेलं वाचन आहे. तो परिच्छेद स्वतः उघडून वाचल्याशिवाय टिपणात एक ओळही लिहू नका.

क्रम विचारलात. मी आधी त्याच खटल्याचं पुढे काय झालं ते बघतो: अपील, पुनर्विलोकन, सर्वोच्च न्यायालय. हे सायटेटरवर उशिरा चढतं, म्हणून ई-कोर्ट्सवर खटला क्रमांक टाकून पाहायचं. मग त्याच उच्च न्यायालयाची खंडपीठं. इतर राज्यांची उच्च न्यायालयं शेवटी.

तुमचा विषय या क्रमाचं महत्त्व फार चांगलं दाखवतो. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये नोव्हेक्स विरुद्ध डीएक्ससी टेक्नॉलॉजीत नेमकं उलट सांगितलं होतं: परवाने देण्याचा व्यवसाय कलम ३३ प्रमाणे सोसायटीमार्फतच. ट्रेड विंग्जमध्ये मुंबईने ते मानलं नाही. त्यानंतर १५ एप्रिल २०२५ ला दिल्लीच्या खंडपीठाने अझ्युर हॉस्पिटॅलिटी विरुद्ध पीपीएल (नोव्हेक्ससारखीच गाण्यांचे परवाने देणारी कंपनी) या प्रकरणात पुन्हा सोसायटीच्या बाजूने कौल दिला. आता एखाद्या सायटेटरने दिल्लीच्या निकालामुळे तुमच्या निवाड्यासमोर लाल, म्हणजे धोक्याची, खूण दाखवली, तर काय करायचं? तुम्ही गोव्यात आहात, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात. दिल्लीचं खंडपीठ तुमच्यावर बंधनकारक नाही, ते फक्त विचारात घेण्याजोगं आहे. आपल्याकडे खुणेच्या रंगापेक्षा ती खूण कोणत्या न्यायालयामुळे पडली हे जास्त महत्त्वाचं, आणि नवीन मुलांना हे कोणी शिकवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोंड्याची_वकील
खूप आभार सर. अझ्युरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली असं वाचलं. मग तो निकाल गेलाच असं धरायचं का?

मूळ_बाजू_मुंबई
नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०२५ ला खंडपीठाच्या निकालातल्या निर्देशांना स्थगिती दिली. स्थगिती आणि रद्द होणं यांतला फरक श्री चामुंडी मोपेड्स, (१९९२) ३ एससीसी १ मध्ये स्पष्ट केलाय: स्थगितीने आदेश अंमलात राहत नाही, पण तो पुसला जात नाही. तसंच एसएलपी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका, नुसती फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही, हे कुन्हयम्मद, (२०००) ६ एससीसी ३५९ मध्ये. सायटेटरवर 'एसएलपी फेटाळली' एवढंच दिसलं तर 'सर्वोच्च न्यायालयाने कायम केलं' असं लिहून मोकळं होऊ नका.

पेटंट_एजंट_पुणे
पेटंटच्या बाजूचं थोडं सांगते. विभाजित अर्जांवर (मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज), म्हणजे पेटंट कायद्याच्या कलम १६ वर, दिल्लीच्या एकल न्यायमूर्तींचा बोहरिंगर हा जुलै २०२२ चा निवाडा सगळे वापरत होते: मूळ अर्जाच्या दाव्यांमध्येच एकापेक्षा जास्त शोध दिसले पाहिजेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंजेंटात खंडपीठाने ते अमान्य केलं. एकापेक्षा जास्त शोध पूर्ण विनिर्देशात, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, उघड झाले असतील तरी चालेल, असं ठरलं. हे अचानक झालेलं नाही. दुसऱ्या एकल न्यायमूर्तींनी असहमती नोंदवून प्रश्न खंडपीठाकडे पाठवला होता. त्या वेळी संदर्भाचा तो आदेश ज्यांनी यादीतून उघडून वाचला, त्यांना मुद्दा डळमळीत झालाय हे निकालाच्या आधीच कळलं. म्हणून मी ओव्हररूलची वाट न पाहता असहमतीच्या खुणा आधी वाचते.

दुसरं, सायटेटर निवाड्यांचा माग ठेवतो, नियमांचा नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिने झाली. जुन्या मुदतीवरचा निवाडा यादीत स्वच्छ दिसेल, पण नव्या अर्जाला तो लावता येणार नाही. राजपत्र वेगळं बघावंच लागतं. तसंच आयपॅब, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळ, एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं, त्याच्या बऱ्याच आदेशांपुढे कुठलीच खूण नसते. म्हणजे ते निर्धोक आहेत असं नव्हे, पुढे कोणी तपासलेच नाहीत एवढाच अर्थ.

न्यूजर्सीकर
इकडे अमेरिकेत शेपर्ड्स आणि कीसाइट हे सायटेटर आहेत. शेपर्ड्स १८७३ पासून आहे. सुरुवातीला डिंक लावलेल्या चिठ्ठ्या असायच्या, वकील त्या निवाड्यांच्या पुस्तकात समासात चिकटवायचे. वैज्ञानिक लेखांच्या सायटेशन इंडेक्सची (कोणता लेख कुठे उद्धृत झाला त्याची सूची) कल्पनाही तो सुरू करणाऱ्या गारफिल्ड यांना त्यावरूनच सुचली. डिझाइन पेटंटवर (वस्तूच्या दिसण्यावरचं पेटंट) काम करणाऱ्यांसाठी: मे २०२४ मध्ये एलकेक्यू विरुद्ध जनरल मोटर्समध्ये फेडरल सर्किट या पेटंट अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने रोझेन-डर्लिंग ही डिझाइन अगदी उघड सुचण्याजोगं आहे का ते ठरवणारी कसोटी मोडीत काढली. त्या कसोटीवर उभे असलेले शेकडो जुने निर्णय थेट ओव्हररूल झालेले नाहीत, पण त्यांचा पाया गेला. तेव्हा तुमचा निवाडा ज्यावर उभा आहे, त्या निवाड्याचीही तपासणी करा. भारतातून फुकट बघायचं तर गूगल स्कॉलर चालेल, मात्र तिथे खुणा नाहीत.

मूळ_बाजू_मुंबई
अगदी खरं. ताई, आणखी एक शोध वेगळा चालवा: 'कलम ३३' आणि 'कलम ३०' एकत्र टाकून तारखेप्रमाणे यादी लावा. ट्रेड विंग्जचं नाव न घेता त्याच प्रश्नावर दिलेला निकाल सायटेटरवर कधीच सापडणार नाही. शिवाय एकाच निवाड्याला एससीसी, पीटीसी, महाराष्ट्र लॉ जर्नल अशा निवाडे छापणाऱ्या मालिकांचे वेगवेगळे क्रमांक मिळतात. बीएचसी असलेला तटस्थ क्रमांक (मुंबई उच्च न्यायालय स्वतः देतं तो) वापरलात तर गोंधळ कमी होतो.

फोंड्याची_वकील
आज संध्याकाळी दोन्ही शोध करून बघते. टिपणात हे कसं नोंदवू? आमचे सर एका पानाच्या वर वाचत नाहीत.

पेटंट_एजंट_पुणे
वरच्या परिच्छेदात मुंबईचा निवाडा, कारण तोच तुमच्या अशिलाला लागू. खाली दोन ओळीत मद्रास आणि दिल्ली, दिल्लीसमोर स्थगितीची तारीख. प्रत्येक निवाड्यापुढे तुम्ही तो शेवटचा कधी तपासला ती तारीख घाला. अशील पुढच्या हंगामात परत येईल, तेव्हा त्या तारखेनंतरचंच बघावं लागेल.