सोडण्याआधी प्राण्याचं आतडंही तपासा : पटतंय का?

रानवाट : बंदिवासात वाढलेला प्राणी जंगलात सोडताना वजन, रक्त, दात बघतात. आतड्यातल्या जिवाणूंकडे फारसं लक्ष जात नाही. माझ्या मते ते बघितल्याशिवाय सोडूच नये. 2016 साली डूक आणि हाउलर माकडांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणिसंग्रहालयात त्यांचे मूळचे जिवाणू गळत जातात आणि प्रीव्होटेला, बॅक्टेरॉइड्स हे माणसाच्या आतड्यातले नेहमीचे रहिवासी तिथे ठाण मांडतात. पिढ्यान्‌पिढ्या पानांवर जगलेलं जनावर, आणि पोटात आपली वस्ती! मला हे वाचून फार वाईट वाटलं.

गुरांचा डॉक्टर : असहमत. पिंजऱ्याला कशाला दोष? खाणं बदला, जिवाणू बदलतात. लांडग्यांना कुत्र्यांचं तयार खाद्य आणि कुत्र्यांना कच्चं मांस देऊन हे तपासलंय (2021). शिवाय 2017 साली 41 सस्तन प्रजाती तपासल्या, तेव्हा बंदिवासातल्या माकडं, घोडे, श्वानकुळ यांच्यात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली होती. जिराफांत फरक नव्हता आणि गेंड्यांत तर ती वाढलेली निघाली. सगळ्यांना एकच नियम कसा लावणार?

रानवाट : विविधता तेवढीच राहिली म्हणजे जिवाणू तेच राहिले असं नाही ना. घरं तेवढीच, भाडेकरू नवे.

पानगळ : खाणं बदललं की झालं, हे मला पटत नाही डॉक्टर. जिवाणू मुळात उरलाच नसेल तर येणार कुठून? कोआलाचं पिल्लू दूध सोडायच्या सुमारास आईची खास पातळ विष्ठा चाटून खातं. निलगिरीची पानं पचवणारे जिवाणू त्याला असे मिळतात. एकाच जातीच्या निलगिरीवर अडून बसलेल्या कोआलांना दुसऱ्या जातीची पानं खाणाऱ्यांच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या (2019). ज्यांच्या पोटात ते जिवाणू रुजले, ते ती पानं जास्त खाऊ लागले. पान समोर होतंच की!

गुरांचा डॉक्टर : मग तपासणी कशाला? त्याच्याच जातीच्या रानातल्या प्राण्यांची सोबत द्या. सुबाभळीचं विष ऑस्ट्रेलियातल्या गुरांना बाधायचं, हवाईतल्या शेळ्यांना नाही. 1980च्या दशकात ते विष पचवणारे तिकडचे जिवाणू आणून मोजक्या जनावरांच्या पोटात घातले, पुढे ते कळपात आपोआप पसरले. रानातल्या भाऊबंदांत मिसळू दिलं की काम होतं.

रानवाट : रवंथ करणाऱ्या पाळीव गुरांचं ठीक आहे हो. पण त्याच शेणातून जंत आणि रोगही पसरतात. एखाद्या प्रजातीचे मोजके जीव उरले असतील, तर हा जुगार मी खेळणार नाही. आधी लेंडी तपासा, मग दार उघडा.