शब्दचर्चा: रेडिएशनमुळे धातू फुगतो, लांबतो की 'विरूपित' होतो?

प्रश्न: रिअॅक्टरमधल्या मिश्रधातूंचा आकार रेडिएशनमुळे कसा बदलतो, त्याचं मॉडेल कसं करतात, यावर मराठीत लिहितेय. स्वेलिंग, ग्रोथ, क्रीप या तिन्हींसाठी सध्या 'विरूपण' वापरलंय. चालेल ना?

उत्तर: एकच शब्द नका वापरू, प्लीज. या तिन्ही गोष्टी खरंच वेगळ्या आहेत आणि मॉडेलमध्येही त्यांच्या टर्म वेगवेगळ्या लिहून मग बेरीज करतात, वाचकाला शब्दच एक दिला तर ते समीकरण त्याला कळणारच नाही.

न्यूट्रॉन आदळला की अणू जागचा उडतो, मागे रिकामी जागा राहते आणि उडालेला अणू दुसऱ्यांच्या मधे कुठेतरी घुसतो. बऱ्याचशा जोड्या काही पिकोसेकंदांतच परत जुळून जातात. ज्या उरतात त्यातले घुसखोर अणू डिसलोकेशन (स्फटिकातल्या अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) जरा जास्त ओढून घेतात, त्यामुळे रिकाम्या जागा शिल्लक पडतात, त्या एकत्र येऊन पोकळ्या होतात आणि धातूचं घनफळ वाढतं. हे स्वेलिंग, याला सरळ 'फुगणं' म्हणा. स्कॉटलंडमधल्या डाउनरेच्या फास्ट रिअॅक्टरमधल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या दिसल्याचं 1967 मध्ये प्रसिद्ध झालं.

ग्रोथला मात्र 'वाढ' नको. झिर्कोनियमचे स्फटिक षट्कोनी असतात, ते रेडिएशनमध्ये एका दिशेने लांबतात नि दुसरीकडे आखडतात, घनफळ जवळपास तेवढंच राहतं. 'वाढ' वाचल्यावर कुणालाही वाटणार की घनफळ वाढलं. 'लांबणं' बरं. आणि यासाठी बाहेरून ताण लागत नाही, क्रीपला, म्हणजे ताणाखाली हळूहळू होणाऱ्या कायमच्या आकारबदलाला, लागतो, हा फरक लेखात आलाच पाहिजे.

जड पाण्याच्या रिअॅक्टरमधली प्रेशर ट्यूब घ्या, म्हणजे इंधन आणि दाबाखालचं पाणी जिच्यात असतं ती नळी, झिर्कोनियम-नायोबियमची, आडवी, साधारण 6 मीटर लांब. आतल्या दाबाने तिचा व्यास हळूहळू वाढतो, लांबीही वाढते आणि वजनाने ती मधे झोल खाते. व्यास आणि झोल मुख्यतः क्रीपमुळे, लांबीत मात्र ग्रोथ आणि क्रीप दोन्ही मिसळलेले असतात. आता तिन्हीकडे 'विरूपण' लिहून हे सांगून बघा!

प्रश्न: पटलं. क्रीपला 'विसर्पण' करू का?

उत्तर: मी क्रीपच ठेवेन, बोलताना सगळे तेच म्हणतात. फक्त 'रेडिएशन क्रीप' असं पूर्ण लिहा, कारण नुसत्या उष्णतेने होणारं क्रीप जिथे नगण्य असतं अशा तापमानालाही हे होतं.

आणखी एक: मला 'विस्थापन'ची जास्त काळजी वाटते. डीपीए म्हणजे दर अणूमागे विस्थापनं, 10 डीपीए म्हणजे हिशोबाने प्रत्येक अणू सरासरी 10 वेळा जागचा उडाला. पण फायनाइट एलिमेंटमध्ये (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करायची पद्धत) त्या तुकड्यांच्या जाळीचा बिंदू सरकतो त्यालाही विस्थापनच म्हणतात! अणूंच्या पातळीवरून अख्ख्या ट्यूबपर्यंत जाणारं मॉडेल असेल तर दोन्ही एकाच लेखात येणार. अणूसाठी 'उखडणं' घ्या आणि बिंदूसाठी विस्थापन राहू द्या.

आणखी एकाचं उत्तर: 'उखडणं' मस्त आहे. तसंच एक अणू नसलेली जागा ती 'रिक्त जागा', अशा पुष्कळ जमून होते ती 'पोकळी', आणि आत हेलियमसारखा गॅस भरलेला असेल तर 'बुडबुडा'. बऱ्याच ठिकाणी तिन्हींना पोकळीच लिहितात, मग गॅसचा दाब मॉडेलमध्ये मधेच कुठून आला ते वाचणाऱ्याला समजत नाही.